मेघनाची पुढे ढकललेली पाळी

मेघना घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये स्वयंपाक करते. तिच्या बौद्ध घरात विटाळ कोणी पाळत नाही. पण मॅडमकडे पूजा असली की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मॅडम तिच्या हातावर ठेवते.

तिला मूल हवंय. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “हार्मोन उतरला की गर्भाशयाला निरोप पोचतो, मग पाळी येते. तू सारखा तो निरोप अडवतेस, चक्रच बिघडलंय. गोळ्या बंद कर.”

मी तिची मोठी बहीण, तिच्यासोबत मॅडमकडे गेले आणि या पूजेला ती गोळ्या घेणार नाही असं सांगितलं. “मग मी दुसरी बाई बघते,” मॅडम म्हणाली.

माझं डोकं फिरलं. “पाळी हिची आणि तारीख तुमच्या भटजीची?”

मेघनाने माझा हात दाबला. “ताई, तू जा ना. माझं काम घालवशील.” आणि नळाच्या पाण्याबरोबर तिने गोळी गिळली.