वासू नेव्हीत गेला तेव्हा

भाजीबाजारात बसणाऱ्या माणसाजवळ दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक, दिवस मावळता उरलेली भाजी, आणि दुसरी, किस्से. उरलेली भाजी निदान गाई खातात. किस्से कोण खाणार? ते साचत जातात. आमच्या घरी पाहुणे आले की बायको दारातच सांगते, "त्याईले वासूचं इचारू नका, नाही तं जेवन थंडं होते." मग पाहुणे हटकून तेच विचारतात. माझा काय दोष?

वासू माझा पुतण्या. मोठ्या भावाचा, मारोतीदादाचा, एकुलता एक. वलगावच्या रस्त्याला आमची वांग्या-टमाट्याची बाडी होती, तिथं कपाळावर पांढरा चांद असलेली एक म्हैस, आणि अमरावतीच्या बाजारात एक ओटा. दादा तोलायचा, वहिनी गिऱ्हाइकाशी बोलायची. मी मॅट्रिक नापास, म्हणून अख्ख्या रांगेची पत्रं वाचणं-लिहिणं माझ्याकडे. डाव्या हाताला केळीवाली सरजाबाई, उजव्या हाताला कांदेवाले उकंडराव. उकंडरावांना जगातलं सगळं येत होतं, फक्त कांदे विकणं येत नव्हतं.

लढाईचे दिवस होते. भरतीची लॉरी बाजारात यायची, बाजा वाजवायची, पोरं गोळा व्हायची. एक दिवस वासू लॉरीतून एक कागद घेऊन आला. नेव्हीत जातो म्हणाला. आमच्या खानदानात कोणी अंबानाल्यापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं! पण पोरगं दोन दिवस जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी वहिनी नळावर सांबार धुवायला गेली होती. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे असंच म्हणतात. तेवढ्यात दादानं वांगी तोलता तोलता कागदावर अंगठा दिला.

वहिनी परत आली तर नवऱ्याचा अंगठा निळा.

तिनं एकच विचारलं, "कायच्यावर देल्ला?" दादानं सांगितलं. तिनं सांबाराच्या जुड्या मांडल्या, त्यावर ओलं फडकं टाकलं आणि सरजाबाईकडे वळून म्हणाली, "इकलेला माल कोनी वापस करते काय, सरजाबाई?"

त्या क्षणापासून नवऱ्याशी अबोला आणि पोराशीही अबोला. आम्हाला वाटलं, दोन दिवसांत ऊन उतरलं की उतरेल. नाही उतरला.

* * *

आता एका ओट्यावर बसून अबोला धरायचा म्हणजे सोपं काम नाही. दादाला काही सांगायचं असलं की वहिनी सरजाबाईला सांगायची. "सरजाबाई, त्याईले म्हना, काट्याची दांडी सिधी धरा." दादा हातभर अंतरावर बसलेला, सगळं ऐकू येत असलेला. तरी सरजाबाई निरोप पोचवल्याशिवाय राहायची नाही.

पुढे पुढे तिला त्यात गोडी लागली. वहिनीनं चार शब्द सांगितले की ती चार स्वतःचे घालून आठ करायची. एकदा दादा वैतागून म्हणाला, "सरजाबाई, तिनं एवढं नाही म्हटलं. म्या ऐकलं ना." तर सरजाबाई म्हणते, "तिच्या मनात होतं."

* * *

अमरावतीला भरतीच्या माणसानं वासूला काट्यावर चढवलं आणि खाली उतरवलं. वजन चार पौंड कमी. पंधरा दिवसांनी अकोल्याला डॉक्टर येणार होते, तिथं पुन्हा तपासणी होती.

मग काय, बाजारानं पोरगं अंगावर घेतलं. सरजाबाई रोज डझनभर केळी चारायची, उकंडराव कच्च्या कांद्यावर जोर द्यायचे. वहिनी बोलायची नाही, पण त्याच्या भाकरीवर तेल पडायचं ते आमच्या भाकरीवर कधी पडलं नाही. पंधरा दिवसांत गडी तीन पौंड चढला. एक पौंड कमीच.

दादा म्हणाला, "त्याचं मी पाह्यतो."

अकोल्याच्या स्टेशनावर उतरल्या उतरल्या दादानं त्याला नळाखाली नेलं आणि दोन लोटे पाणी पाजलं. दवाखान्याच्या फाटकाशी आणखी एक. मी विचारलं, हे काय चाललंय? दादा माझ्याकडे असा पाहू लागला, जसा काही मी बाजारात वाढलोच नाही. म्हणे, "मालाले पानी मारल्याबिगर वजनात येते काय?"

आम्हाला वाटलं, आत गेल्याबरोबर काटा असेल. काटा होता सगळ्यात शेवटी! आधी डोळे, मग कान, मग दात, मग छाती. रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. वासू एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. छातीच्या डॉक्टरनं पोटावर दोन बोटं वाजवली आणि आतला डुबुक डुबुक आवाज ऐकून चष्मा वर केला. वासूनं डोळे मिटून घेतले.

शेवटी काट्यावर चढला. वजन बरोबर, वर थोडं जास्तच. कारकुनानं "पास" म्हणायच्या आत गडी काट्यावरून उडी मारून असा पळाला की दोन शिपाई बाजूला झाले. मोठ्या डॉक्टरनं खिडकीतून पाहिलं आणि कारकुनाला म्हणाला, "याची धावण्याची परीक्षा घ्यायची गरज नाही."

* * *

पास तर झाला, पण पोरगं पाण्याला भ्यायचं. नेव्हीवाला आणि पाण्याला भितो! उकंडरावांनी जाहीर केलं की पोहणं मी शिकवतो. आमच्या बाडीतल्या विहिरीत, कमरेला दोन सुके भोपळे बांधून, रोज सकाळी क्लास. उकंडराव काठावर बसून हात हलवायचे, वासू खाली पाणी प्यायचा. वहिनी मोटेच्या धावेवर उभी राहून वांग्याला पाणी कसं जातं ते पाहायची, असं निदान ती दाखवायची. वासूच्या कमरेला बांधलेल्या दोराचं टोक मात्र तिच्या हातात गुंडाळलेलं असायचं.

महिनाभरात भोपळे सुटले. वासू विहिरीत मस्त फिरू लागला.

पुढचा भाग त्यानं कराचीहून पत्रात लिहिला. ट्रेनिंगच्या पहिल्याच हप्त्यात साहेबानं विचारलं, पोहणं कोणाकोणाला येतं? वासूनं छाती काढून हात वर केला. समोरच्या नावेपर्यंत जायचं होतं. उडी मारली, हात मारले, पाय मारले, आणि दम लागेपर्यंत पोहून वर पाहिलं तर जिथून उडी मारली तिथंच. पुन्हा निघाला, पुन्हा तिथंच. आमचा गडी गोल गोल पोहत होता! विहिरीत शिकलेला माणूस सरळ जाणार कुठं? सरळ पोहायला त्याला पंधरा दिवस लागले.

मी पत्र वाचलं तेव्हा अख्खी रांग हसली. उकंडराव हसले नाहीत. ते कांद्याची साल काढत म्हणाले, "माह्या शिकवन्यात फरक नाही. त्याईचा समुद्रच लय मोठा हाय."

* * *

पण मी पुढे पळालो. निघायच्या दिवसाचं राहिलंच.

दुपारी बडनेऱ्याहून गाडी होती. गावाला निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवल्याशिवाय आमच्यात कोणी उंबरा ओलांडत नाही. शेजारच्या गावी लग्नाला जायचं असलं तरी दही लागतं, आणि हा तर लढाईच्या काळात दर्यावर निघालेला. दादानं शिंक्यावरचं गाडगं काढलं तर ते घासूनपुसून पालथं. सरजाबाईकडे गेला, तिच्याकडेही नाही. उकंडरावांकडे नाही. आळीतली सात घरं फिरला, एका घरात चमचाभर दही नाही.

सातव्या घरच्या म्हातारीनं विचारलं, "काऊन बापू, तुयाच घरी तं नेलं. तुही बायको म्हने, पाव्हने येऊन राह्यले, कढी कराची हाय."

आम्ही चुलीशी गेलो. चुलीवर आंघोळीचं पातेलं, त्यात काठोकाठ कढी, आणि वहिनी पाठ करून ती ढवळत होती. झुंजुमुंजूपासून आळीभर फिरून तिनं सगळं दही गोळा केलं होतं. दही नाही तर निघणं नाही. तोंडानं एक शब्द न बोलता तिनं गाडी अडवली होती.

दादा ओसरीवर बसून राहिला. वासू ट्रंकेवर बसला. वेळ निघून चालली होती. शेवटी सरजाबाई पदर खोचून पुढे झाली. "कढी म्हनजे दहीच व्हय, पातळ झालं म्हनून काय झालं?" म्हणाली, आणि पळीभर कढी तिनं वासूच्या तळहातावर ओतली. उकळती! पोरगं ओरडलं, हात चाटला, पाया पडलं. आईच्या पाठीशी उभं राहून "येतो माय" म्हणालं. दोनदा म्हणालं. वहिनी ढवळत राहिली.

मला तेव्हा तिचा फार राग आला होता. स्टेशनावर वासू खिडकीत बसून हाताला फुंकर घालत होता आणि रडण्याचं कारण हात भाजला हे सांगत होता. आम्हीही ते मान्य केलं. त्या रात्री आळीतल्या सगळ्यांनी कढी खाल्ली, वहिनी सोडून.

* * *

मग पत्रं. मी ओट्यावर मोठ्यानं वाचायचो. वहिनी माझ्याकडे पाठ करून वांगी पुसायची. एकेक वांगं असं पुसायची की त्यात तोंड पाहावं.

एका पत्रात वासूनं लिहिलं होतं की सरावाची नाव उलटली, एक पोरगा सापडला नाही, आणि तो स्वतः चार दिवस दवाखान्यात होता. मी तेवढं गाळून पुढचं वाचलं. जेवण चांगलं मिळतं वगैरे. वहिनीनं वांगं खाली ठेवलं. तिला अक्षर येत नव्हतं. ती सरजाबाईला म्हणाली, "भाऊजीले म्हना, कागद दोनी अंगानं कायाभोर हाय, आन् त्याईनं एकच अंग वाचलं."

मी दुसरं अंग वाचलं. त्यानंतर तीन दिवस वहिनी बाजारात आली नाही. बाडीत निंदत बसली. चौथ्या दिवशी आली तेव्हा मी विचारलं, वासूला काही कळवायचं का? तिनं मान हलवली. नाही.

आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी पोराची एकच ओळ असायची. "माय बोलली काय?" मी पावसापाण्याचं लिहायचो. खरं सांगतो, त्या दिवसांत मला पत्र लिहायचा कंटाळा येऊ लागला होता.

* * *

आठ महिन्यांनी बडनेऱ्याचा एक इंजिनवरचा फायरमन निरोप घेऊन आला. ट्रेनिंग संपलं होतं. पोरांना मुंबईहून विशाखापट्टणला जहाजावर चढवायला नेत होते, स्पेशल गाडी होती, बडनेऱ्याला इंजिन पाणी घेईल, दहा मिनिटं. त्यानंतर सुट्टी कधी मिळेल ते लढाईलाच माहीत.

आम्ही सगळे गेलो. सरजाबाईनं केळीचा अख्खा घड घेतला, उकंडरावांनी कांद्याची माळ. वहिनी चालेल की नाही कोणी विचारलं नाही. ती आपली भाकरी-झुणक्याचं गाठोडं घेऊन बैलगाडीत आधीच बसली होती.

गाडी आली तर डब्याडब्यात पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या, सगळ्यांची डोकी भादरलेली. दादानं धावत जाऊन खाली उतरलेल्या एका पोराला मिठी मारली. तो मद्रासकडचा कोणी होता. दादाला चूक कळली, पण तो पोरगा सोडेचना! त्याला तसंच धरून दादा "वासू, वासू" हाका मारत राहिला, तेव्हा तिसऱ्या डब्याच्या खिडकीतून आमचा वासू ओरडला, "बा, मी इकडं हाओ!"

काय दिसत होता! छाती भरलेली, रंग उन्हानं काळाभोर. पाणी भरायला उतरलेल्या दोघा-तिघांशिवाय कोणाला खाली उतरायची परवानगी नव्हती, म्हणून आम्ही खिडकीशी. दादा, मी, सरजाबाई, उकंडराव, सगळे एकदम बोलत होतो, त्याला काहीच कळत नव्हतं. वहिनीनं गाठोडं आत दिलं. त्याच्या बाहीवरचा कोळसा झटकला. टोपी काढून डोकं चाचपून पाहिलं, परत घातली. तो "माय" म्हणाला. ती भाकरी उलगडून त्याच्या हातात देऊ लागली. सात मिनिटं गेली, आठ गेली. बोलली नाही.

इंजिनानं शिटी दिली. गार्ड हिरवं निशाण उलगडू लागला. आणि वहिनी आम्हाला बाजूला सारून सरळ गार्डाकडे गेली. मोठा गोरा-पिंगट गार्ड, छातीला पितळी बटणं. ती त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "थांब जरा बापू. माहं बोलनं व्हाचं हाय."

त्याला मराठी येत होतं की नाही देव जाणे. पण त्यानं निशाण खाली घेतलं. अख्खी गाडी थांबली.

वहिनी खिडकीशी परत आली. डब्यातली पोरं खिडकीकडे सरकली. वासूनं खिडकीची सळई दोन्ही हातांनी धरली.

"म्हैस व्याली," ती म्हणाली.

वासूनं विचारलं, "कवा?"

"सोमवारी. वगार झाली."

"चांद हाय काय कपायावर?"

"हाय," वहिनी म्हणाली. "येजो पाहाले."