हरवलेल्या डब्यांचं कपाट

दशरथमामा आमच्या शाळेच्या फाटकावर तेवीस वर्षं होते, आणि तेवीस वर्षांत त्यांनी एकाही माणसावर पहिल्या भेटीत विश्वास ठेवला नाही. घाटकोपरच्या टेकडीच्या पायथ्याशी आमची मराठी प्राथमिक शाळा, पहिली ते चौथी, आणि मामा तिथले शिपाई. मूळचे कणकवलीकडचे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसं बिऱ्हाड लालबागहून कांजूरमार्गला आलं. "गिरण बंद होवची नाय, असा सायबान सांगल्यान. माझ्या बापाशीन खरा मानल्यान," असं ते सांगायचे. तेवढ्यावर त्यांनी सगळ्या जगाचा निकाल लावून टाकला होता.

दुसरीतल्या सिद्धेशचे वडील एकदा मिशी काढून पोराला न्यायला आले. मामांनी सोडलं नाही. पोरगं "पप्पा, पप्पा" म्हणून नाचत होतं, तरी नाही. शेवटी आईला फोन लावून घेतला, तेव्हा फाटक उघडलं. वाढदिवसाची चॉकलेटं वर्गात जायच्या आधी मामा त्यातलं एक स्वतः खाऊन दहा मिनिटं थांबत. शिक्षण विभागाच्या साहेबांना त्यांनी ओळखपत्रासाठी उन्हात ताटकळत ठेवलं, तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका क्षमाबाई, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो, साहेबांची माफी मागून मागून थकल्या. मामा म्हणाले, "साहेब काय कपाळावर लिहून येतात?"

या सगळ्यावर कळस म्हणजे त्यांचं कपाट. जिन्याखाली एक पत्र्याचं कपाट होतं, हरवलेल्या वस्तूंचं. डबे, बाटल्या, एकेकटे बूट, कंपासपेट्या. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: तारीख आणि सापडल्याची जागा. वस्तू परत हवी तर स्वतः येऊन मागायची आणि खूण सांगायची. "डबा माझाय," म्हणत पोरगं आलं की सुरू. "झाकणाला पोचा कुठल्या बाजूला? त्या दिवशी भाजी कसली होती? माका फसवतंस काय रे?" निम्मी पोरं रडत परत जायची. ज्याला खूण सांगता येई, त्याची वहीत सही घेऊन मगच डबा सुटे. उरलेल्या वस्तू एक मेला, झेंडावंदन आणि निकाल झाल्यावर, अंगणातल्या बाकावर मांडायच्या आणि पालकांना दाखवायच्या, ही शाळेची जुनी रीत.

आता माझं सांगते. मी नीलम, चौथीची वर्गशिक्षिका. मीही काही कमी संशयी नाही, फक्त माझा संशय आवाज करत नाही. जुलैत माझा स्टीलचा डबा शिक्षकांच्या खोलीतून गेला. खोलीत झाडूला येते ती सोनूबाई, म्हणजे तिनेच नेला असणार, असं मी ठरवून टाकलं. कोणाला बोलले नाही. कपाटाकडेही गेले नाही. मामांची उलटतपासणी कोण सहन करणार? तेव्हापासून मी डबा पर्समध्ये ठेवायला लागले आणि सोनूबाईशी कामापुरतंच बोलायला लागले.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात परीक्षा संपली होती. आम्ही प्रगतिपुस्तकं लिहीत बसलो होतो आणि माझी चौथीची मुलं निरोपाच्या भेळेची वाटणी करत होती: कुरमुरे कोणी, फरसाण कोणी, कैरी कोणी आणायची. मामांचंही हे शेवटचं वर्ष. मेअखेर ते निवृत्त होणार होते, पण शाळा तर सुट्टीसाठी एक मेलाच बंद होणार. म्हणून निकालानंतर त्याच भेळेसोबत मामांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं होतं.

त्याच आठवड्यात माझ्या मनात पाल चुकचुकली. मामा रोज संध्याकाळी फुगलेली पिशवी घेऊन निघत. वर पंचा झाकलेला. चालताना आतून स्टीलचा आवाज. सोमवारी "काय मामा, आज जड दिसतंय?" विचारलं, तर "घरचं सामान" एवढंच म्हणाले. शाळेतून घरी न्यायचं घरचं सामान कुठलं? बुधवारी स्टेशनमागच्या गल्लीत मी त्यांना भांड्यांच्या दुकानात उभं पाहिलं. काउंटरवर चार-पाच छोटे डबे होते आणि दुकानदार त्यातला एक उलटा-सुलटा करून बघत होता. तिथे जुनी भांडी मोडीत घेतात, हे सगळ्या घाटकोपरला ठाऊक आहे. मला आणखी काय हवं होतं?

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "मामा? काहीतरीच काय!" पण ऑफिसातल्या दुसऱ्या किल्लीने त्यांनी कपाट उघडलं. बाटल्या होत्या, बूट होते. डबा एकही नव्हता. मोठ्या बाई खुर्चीत बसल्या. "शालीचं राहू दे आत्ता," म्हणाल्या, "आधी त्यांना विचारते." मला त्या क्षणी आनंद झाला होता, हे लपवत नाही. सगळ्या जगाला फाटकावर अडवणारा माणूस आता सापडला, असं वाटलं.

एक मेला झेंडावंदन झालं, निकाल वाटून झाले. अंगणात मोठ्या परातीत भेळ कालवणं चालू होतं, कैरीचा वास सुटला होता, पालक घोळक्याने उभे होते. मामा दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन बाकाकडे आले. मोठ्या बाई पुढे होऊन हळूच म्हणाल्या, "मामा, त्या पिशव्या जरा ऑफिसात घेऊन येता का?"

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान वळवली. तेवीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यावरची चलबिचल वाचण्यात घालवलेला माणूस तो. त्याला लगेच कळलं.

"ऑफिसात कशाला? हितंच बघा ना," म्हणाले, आणि दोन्ही पिशव्या बाकावर रिकाम्या केल्या.

डबे. घासून लख्ख केलेले, आणि प्रत्येकाच्या कुशीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव. 'मानसी, चौथी'. 'विशाल, दुसरी'. लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं. मोडीच्या दुकानातच नावंही घालून मिळतात, हेही सगळ्या घाटकोपरला ठाऊक आहे. मला फक्त मोडच आठवली होती.

"सहा-सहा महिन्यांची भाजी होती आत," मामा म्हणाले. "मालननं चिंचेनं घासले. माझी बायको. कुणाचा कुठला, ते मी वर्षभर बघत होतो. डबा हरवला की पोर प्लास्टिकच्या पिशवीतून पोळी आणायला लागतं. आधी बोललो असतो तर सगळीच माझा-माझा करत आली असती. आणि जूनमध्ये परत हरवले तर विचारायला मी नसणार ना."

मग त्यांनी पिशव्या उलट्या केल्या, अगदी शिवण दिसेपर्यंत, आणि माझ्यासमोर धरल्या. "कोपऱ्यात हात घालून बघा, बाई."

"मामा, मी..." इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"संशय मी पण घेतो," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पण फाटकावर उभं करून, तोंडावर घेतो. मोठ्या बाईंच्या कानात नाय."

मोठ्या बाई घाईघाईने शाल घेऊन आल्या. "उकडतंय," मामा म्हणाले आणि शाल घडीचीच राहिली. नारळ मात्र त्यांनी घेतला, मालनसाठी म्हणून. मग पोरांना एकेक करून डबे दिले, प्रत्येकाची सही घेतली, आणि शेवटी एक डबा उरला. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला. 'नीलमबाई' असं कोरलेलं होतं. चिठ्ठी जुलैची: नळाजवळ. मीच धुवायला नेला असणार आणि विसरले असणार.

"नऊ महिने तुम्ही विचारलंच नाय," मामा म्हणाले. "खूण सांगा."

नाव तर समोर होतं, पण नाव त्यांनी घातलेलं. माझ्या डब्याची माझी अशी एकही खूण मला आठवेना. मामांनी वही माझ्याकडे सरकवली. "लिहा. खूण सांगता आली नाही. शिपायाने ओळखून दिला." मी लिहिलं आणि खाली सही केली.

मागे सोनूबाई भेळेची बशी घेऊन उभी होती. "अगं बाई, गावला का तुमचा डबा?" तिने हसून विचारलं. "मला वाटलं गेलाच. जुलैत खोलीत दिसेना, म्हणून मी दोन दिवस शोधत होते, कोणाला सांगितलं नाही."

तिच्याशी मी नऊ महिने धड का बोलले नव्हते, ते तिला अजून ठाऊक नव्हतं. मामा वही मिटून माझ्याकडे बघत होते. मी तिच्या हातातली बशी घेऊन खाली ठेवली आणि सोनूबाईला सगळं सांगितलं, तिच्या तोंडावर.