कडेवरचे तीन ठिपके

या शहरात फिरायला जागाच उरली नाही, असं कुणी म्हटलं की नकाशेबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि हे वाक्य त्यांच्या कानावर रोज पडायचं. लिफ्टमध्ये पडायचं, दवाखान्याच्या रांगेत पडायचं, सकाळी वाहनतळाला फेऱ्या मारणाऱ्या मंडळाच्या तोंडून तर हमखास पडायचं. पूर्वी त्या प्रत्येकाला थांबवून सांगायच्या, आहेत हो जागा, मी दाखवते. पुढे पुढे त्यांनी थांबवायचं सोडलं, आग मात्र मस्तकात जातच राहिली.

चौतीस वर्षं त्यांनी नकाशा कार्यालयाच्या ट्रेसिंगच्या खोलीत काढली होती. काचेचं टेबल, काचेखाली दिवा, वर नकाशाची जुनी शीट, तिच्यावर पारदर्शक कागद, आणि त्या कागदावर निबाच्या पेनानं जुनी प्रत्येक रेघ जशीच्या तशी उतरवायची. नवी आवृत्ती अशी निघायची. या कामात डोळे गेले, मान गेली, पण एक झालं. कुठली जमीन कुणाची हे बाईंना तोंडपाठ झालं. नकाशावर जिथे फिकट हिरवा रंग, ती जागा सगळ्यांची. तिथे कुणीही जावं, बसावं, फिरावं. असे हिरवे तुकडे शहराभोवती कितीतरी होते आणि कुणाला त्यांचा पत्ता नव्हता. निवृत्त झाल्यावर बाईंनी ठरवलं, आयुष्यभर बोटाच्या पेराएवढ्या पाहिलेल्या या जागा आता पायांनी बघायच्या.

सहा वर्षांत चौदा जागा सापडल्या. पाण्याच्या जुन्या टाकीमागचा गवताचा उतार, बंद खाणीतलं हिरवं तळं, कालव्याच्या कडेची झाडांची लांबलचक पट्टी. बाईंनी सुवाच्य अक्षरात यादी केली, बस कुठली, उतरायचं कुठे, वळायचं कुठे, सगळं लिहिलं, प्रती काढल्या आणि इमारतीत घरोघर वाटल्या. लोक म्हणाले, वा, काय मेहनत घेतलीत. पुढच्या रविवारी हेच लोक शहरातल्या एकुलत्या एका बागेच्या तिकीटखिडकीपुढे तासभर रांगेत उभे होते. यादीची एक प्रत बाईंना समोरच्यांच्या चपलांच्या कपाटात दिसली, खणात अंथरलेली. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती.

एकच माणूस बाईंबरोबर यायचं, त्यांच्या मोठ्या नणंदबाई. वन्सं टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या आणि भाऊ गेल्यापासून वहिनीच्याच घरी राहत होत्या. त्या यायच्या खऱ्या, पण तोंडाचा पट्टा चालू ठेवून यायच्या. "अगं, पाय आहेत का लाकडं? किती चालवशील?" "इथे सापबीप निघाला तर कुणाच्या नावानं बोंब मारायची?" बाई ऐकून न ऐकल्यासारखं करत. एकटीनं जाण्यापेक्षा कुरकुर बरी.

चौदांतली सगळ्यांत चांगली जागा म्हणजे नकाशावरचा एकशे सतरा नंबरचा माळ. बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरायचं, जुन्या विहिरीवरून पुढे जायचं, कोंबड्यांच्या फार्मच्या कडेनं अर्धा तास चढायचं, की एकदम सपाटी लागायची. पाच जुनी झाडं, दगडांनी बांधलेलं छोटं तळं आणि वारा. अख्खं शहर तिथून दिसायचं आणि त्याचा आवाज मात्र अजिबात यायचा नाही. वन्सं तिथे पोचल्या की चपला काढून झाडाला टेकून बसायच्या आणि म्हणायच्या, "सरकारला एक बाक टाकता येत नाही." मग दोन-दोन तास उठायच्या नाहीत.

एका रविवारी दोघी विहिरीपाशी आल्या आणि पुढे फाटक. नवंकोरं, लोखंडी, कुलूप घातलेलं. फार्मचा मालक आतून आला. माणूस उर्मट नव्हता, हीच पंचाईत होती. उर्मट असता तर भांडता तरी आलं असतं.

"बाई, वाट इथेच संपते," तो म्हणाला. "तुमच्याच खात्याचा नकाशा आहे. पुढची जमीन माझी."

"मी सहा वर्षं येतेय इथून."

"येत होतात, मी काही बोललो का? पण आता माळ भाड्यानं द्यायचा निघालाय. मीच अर्ज केलाय. ती नोटीस वाचा."

नोटीस फाटकालाच चिकटवलेली होती. एकशे सतरा नंबरच्या जागेला पोचायला वाट नसल्यामुळे ती सार्वजनिक वापराच्या उपयोगाची नाही, सबब ती भाडेपट्ट्यानं देण्याचं योजलं आहे, कुणाची हरकत असल्यास महिन्यानंतरच्या सुनावणीला यावं. वाट नाही म्हणे. त्या वाटेवर उभं राहून बाईंनी ते वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आपल्या जुन्या कार्यालयात हजर झाल्या. जुन्या शीट सांभाळणारी बाई त्यांच्याच हाताखाली शिकलेली. तिनं खुर्ची दिली, चहा मागवला. नकाशेबाईंनी चहाला हात लावला नाही. "चारही आवृत्त्या काढ," म्हणाल्या.

पहिल्या आवृत्तीत वाट होती. ठिपक्यांची बारीक रेघ, विहिरीवरून शीटच्या कडेपर्यंत, आणि शेजारच्या शीटवर तिथून पुढे थेट माळापर्यंत. दुसऱ्या आवृत्तीतही होती. तिसरीत वाट विहिरीपाशी येऊन थांबली होती आणि शेजारच्या शीटवर तर मुळी नव्हतीच. चौथी आवृत्ती कॉम्प्युटरनं तिसरीवरून घेतलेली, त्यामुळे तिच्यातही नाही. तिसऱ्या आवृत्तीच्या कोपऱ्यात ट्रेसरच्या नावाची आद्याक्षरं होती. ती नकाशेबाईंची होती.

त्यांना समजायला अर्धं मिनिटही लागलं नाही. ट्रेसिंगच्या खोलीचा नियम होता, अक्षरांना रेघ लागू द्यायची नाही. नाव आडवं आलं की रेघ तोडायची, नाव लिहायचं आणि नावापलीकडे रेघ पुन्हा उचलायची. 'जुनी विहीर' ही अक्षरं वाटेवर आली होती. बाईंनी रेघ तोडली, नाव लिहिलं, सुरेख लिहिलं. नावापलीकडे शीटची कड जेमतेम तीन ठिपक्यांवर होती. ते तीन ठिपके द्यायचे राहून गेले.

पुढचं त्यांच्या शेजारच्या टेबलावर घडलं होतं. तिथला ट्रेसर सरळ स्वभावाचा माणूस, आता हयात नव्हता. त्यानं आपली शीट बाईंच्या शीटला लावून पाहिली असणार. दोन शीटच्या कडेवर जे जुळत नाही ते गाळायचं, हा दुसरा नियम. बाईंच्या बाजूनं वाट येत नव्हती, म्हणून त्यानं आपल्या बाजूची अख्खी वाट गाळली. आणि हे नियम नव्या माणसांना शिकवायचं काम कुणाचं होतं, तर नकाशेबाईंचंच. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

"त्या दिवशी काय झालं असेल गं?" त्यांनी विचारलं. जेवणाची सुटी झाली असेल, निब अडकलं असेल, कुणी हाक मारली असेल. काही म्हणता काही आठवेना. त्यांना स्वतःचा इतका राग आला की टेबलाची कड हातात घट्ट धरून बसावं लागलं.

शीट सांभाळणाऱ्या बाईनं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात दोन मार्ग सांगितले. गेल्या पाच वर्षांत ही वाट वापरलेल्या वीस जणांच्या सह्या आणायच्या, मग वाट आहे असं धरतात. नाहीतर ट्रेसिंगची चूक होती असं लेखी द्यायचं, मग नकाशा दुरुस्त होतो. "बाई, तुम्ही सह्याच आणा," ती म्हणाली. "चूक लिहून दिलीत तर शीटच्या समासात तुमचं नाव कायमचं छापलं जाईल. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

वीस सह्या. चौदा जागांच्या यादीच्या ऐंशी प्रती वाटल्या होत्या. ऐंशीतून वीस म्हणजे काही अवघड नाही, असं स्वतःला समजावत बाई दुसऱ्या दिवशी सकाळी वाहनतळावर गेल्या. मंडळाचे प्रमुख निवृत्त दंतवैद्य होते. त्यांनी कागद न वाचताच खिशातून पेन काढलं.

"सह्या ना? आत्ता देतो. असल्या कामाला आमचा पाठिंबाच आहे."

"डॉक्टर, तुम्ही गेला होतात त्या माळावर?"

"जायचं ठरलंच होतं हो. गुडघ्यामुळे राहिलं."

त्यांनी सही ठोकली आणि कागद पुढे दिला. गाडीच्या टपावर कागद ठेवून एकेक जण सही करू लागला. सात मिनिटांत तेवीस सह्या झाल्या. सहा वर्षांत ज्यांना बसनं तीस मिनिटं जाणं जमलं नाही, त्या सगळ्यांना सही करणं जमलं. कागदावर बाईंनी आपल्या अक्षरात लिहिलं होतं, 'मी या वाटेनं माळावर गेलो आहे.' त्या वाक्याखाली तेवीस धडधडीत खोट्या सह्या. एका गृहस्थानं सही करता करता विचारलं, "आहे कुठे हो हा माळ?"

बाईंनी कागद घरी आणला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि फाडून टाकला.

वन्सं भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "फाडलास कशाला?"

"एकही खरी नाही त्यातली."

"त्या कचेरीत कोण तपासायला बसलंय? तेवीस माणसं फुकटात मिळाली होती."

"वन्सं, नसलेली रेघ मी कागदावर कधी काढली नाही."

"असलेली गाळलीस त्याचं काय?" वन्सं म्हणाल्या आणि पुन्हा भाजीकडे वळल्या.

सुनावणीला बाईंनी दोन सह्यांचा कागद नेला, स्वतःची आणि वन्संची, आणि सोबत दीड पानाचं निवेदन. खोली लहान होती. साहेब तरुण, समोर कॉम्प्युटर. एका बाजूला फार्मचा मालक पायाशी पिशवी ठेवून बसलेला. दारापाशी ट्रेसिंगच्या खोलीतली पूर्वीची दोघं-तिघं कुतूहलानं येऊन उभी राहिलेली, सगळी बाईंनीच शिकवलेली. वन्सं बाहेर बाकावर थांबल्या. कचेरीतली हवा त्यांना सोसत नाही म्हणाल्या.

बाईंनी निवेदन उभं राहून वाचलं. तीन ठिपके द्यायचे माझ्याकडून राहिले, त्याला मी जबाबदार आहे, हे वाक्य त्यांनी सावकाश, पुरं वाचलं. दारातली माणसं खाली बघू लागली.

साहेबांनी चष्मा काढला. "असं लिहून देणारं माणूस मी या खात्यात पहिल्यांदा पाहिलं," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. त्यांनी लगेच पडद्यावर शीट उघडली, 'जुनी विहीर' शोधली आणि अक्षरांपलीकडे कडेपर्यंत तीन ठिपके दिले. एक, दोन, तीन. "झाली दुरुस्ती."

"आणि पुढची वाट?"

"ती शेजारच्या शीटवर येते. त्या ट्रेसरचं वेगळं निवेदन लागेल."

"ते वारले."

"मग त्यांच्या वतीनं तुम्ही सांगा. तुम्ही त्या वेळी खोलीत होतात. त्यांनी चूक केली होती का?"

एवढा एक शब्द हवा होता. हो म्हटलं असतं तर पडद्यावर माळापर्यंत ठिपके उमटले असते आणि दुपारच्या आत फाटक निघालं असतं. बिचारा वर जाऊन बसला होता, तो काही भांडायला येणार नव्हता. पण त्याच्या नावापुढे समासात चूक म्हणून छापलं गेलं असतं, आणि त्यानं तर बाईंनी शिकवलं होतं तेच केलं होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "त्यांनी नियमाप्रमाणेच गाळली."

"मग जे चुकलंच नाही ते मी दुरुस्त कसं करू?"

"साहेब, पहिल्या आवृत्तीत वाट आहे. डोळ्यांनी बघा."

"नवी निघाली की जुनी रद्द, हे तुम्हाला मी सांगायला नको." त्यांनी दोन सह्यांचा कागद उचलला. "आणि वापरणारे फक्त दोन. दोघी एकाच घरातल्या." त्यांचा आवाज नरमच होता. सगळेच त्या दिवशी नरम बोलत होते आणि बाईंना किंचाळावंसं वाटत होतं. पाच मिनिटांत निकाल झाला, माळ एकोणीस वर्षांसाठी भाड्यानं. मालक निघताना बाईंना नमस्कार करून गेला.

तेलही गेलं, तूपही गेलं. नाव समासात लागलं, आणि वाट विहिरीवरून तीन ठिपके पुढे येऊन हवेत थांबली. जिन्यावरून उतरताना बाईंना साहेबांचा राग येत होता, वाहनतळावरच्या मंडळींचा येत होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या खरेपणाचा येत होता. खोटं बोलण्याच्या दोन संधी हात जोडून समोर आल्या होत्या, दोन्ही त्यांनी परत पाठवल्या, आणि त्यापायी गेली ती पाच झाडं आणि ते तळं. आता वन्सं वाभाडे काढणार, आणि काढलेच पाहिजेत.

वन्सं बाकावर पर्स मांडीत धरून बसल्या होत्या. "काय झालं?"

"माझी चूक दुरुस्त झाली," बाई म्हणाल्या. "माळ गेला."

वन्संनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "मग रविवारी मी कुठे जाऊ?"

सहा वर्षांत वन्संनी एकदाही जागा चांगली आहे म्हटलं नव्हतं. आता त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. बाई शेजारी टेकल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून समजूत घालू लागल्या, की यादीत अजून तेरा जागा आहेत, खाणीतलं तळं तर किती सुंदर आहे, तिथे सावलीही आहे.

"त्या तुझ्या आहेत गं," वन्सं म्हणाल्या. "ही माझी होती."