तांडेल साहेबांचं इतिवृत्त

तांडेल साहेब गेल्याचं मला ऑफिसच्या ड्रायव्हरनं जिन्यात सांगितलं. "तांडेल साब नहीं रहे, मॅडमजी." मी "अच्छा" म्हणाले आणि टेबलाशी जाऊन टाइपरायटरवरचं कव्हर काढलं. पंधरा दिवसांनी त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, घरी आल्या. "तुम्ही इतकी वर्षं त्यांची स्टेनो होता. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात त्यांच्यावर पुरवणी निघते आहे, तिच्यासाठी चार शब्द लिहा ना." मी म्हटलं, "लिहीन वहिनी, पण मला ठाऊक आहे तेच." त्या म्हणाल्या, "तेच लिहा. गोड लिहिणारे पुष्कळ आहेत."

साहेब मालवणकडचे, मच्छीमाराच्या घरातले. मी अकोल्याची, यजमानांच्या बदलीमागून चंदीगडला आलेली. केंद्र सरकारच्या मत्स्यखात्याच्या त्या ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. सुरुवातीला मला त्यांचा अभिमान वाटे. सेक्टरच्या बाजारात लांबूनच मासे बघून ते म्हणत, "तीन दिवसांचे आहेत, घेऊ नका." माशांतलं मला काही कळत नव्हतं, पण या माणसाला कळतं आणि तो खरं बोलतो, असं मी धरून चालले होते.

मग ती बैठक झाली. डोंगरातल्या एका धरणात ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्यांनी मासेमारीची सोसायटी काढली होती. होड्या, जाळी आणि बर्फाचा कारखाना यांसाठी केंद्र अनुदान देणार होतं. वाद होता तो मासे दिल्लीला विकण्याच्या हक्काचा. राज्याच्या अधिकाऱ्यांना तो लिलावात ठेकेदाराला द्यायचा होता, सोसायटीच्या भगतरामला स्वतःकडे हवा होता. तीन दिवस नुसती खडाजंगी. शेवटी साहेबांनीच टेबलावर हात आपटून सांगितलं, "पकडणारेच विकतील, नाहीतर अनुदान नाही." सगळे कबूल झाले. मी शब्दन् शब्द लघुलिपीत उतरवला. साहेबांनी भगतरामचा हात हातात घेतला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आज त्या पाण्याचीही मला चीड येते.

दुसऱ्या सकाळी त्यांनी मला बैठकीचं इतिवृत्त सांगायला घेतलं. विक्रीचा हक्क लिलावानं, सोसायटीच्या लोकांना मजुरीत प्राधान्य. मी पेन्सिल थांबवली. "सर, बैठकीत असं ठरलं नव्हतं."

"रात्री फोन आला वरून. असं लिहिलं नाही तर राज्यवाले सही करणार नाहीत आणि अनुदानच परत जाईल."

"मग भगतरामला बोलावून सांगा तरी."

"बाई, तुमचं काम बोटांचं आहे."

मी टाइप केलं. हे इथं लिहिल्याशिवाय पुढचं लिहिण्याचा मला हक्क नाही.

आठवड्यानं भगतराम इतिवृत्ताचा तो इंग्रजी कागद घेऊन माझ्याच टेबलाशी आला. साहेब दौऱ्यावर होते, मुद्दामच गेले असावेत. "बीबीजी, पढ़के सुना दो." मी हिंदीत वाचून दाखवलं. तो म्हणाला, "साहब ने तो हाथ मिलाया था..." त्यानं कागदाची घडी घातली आणि तो निघून गेला. पुढच्याच हंगामात सोसायटीचे लोक ठेकेदाराच्या होड्यांवर रोजंदारीनं राबत होते, आणि साहेबांना बढती मिळाली होती.

त्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीत साहेबांनी आपल्या लहानपणावर भाषण केलं. वाळूवर उभा राहून भाव ठरवणारा व्यापारी, त्याच्यापुढे मान खाली घालणारे वडील... बायका डोळे पुसत होत्या. मी प्रसादाच्या रांगेत त्यांना गाठलं. "तो व्यापारी आणि तुमचा ठेकेदार, फरक काय?"

"फरक एवढाच, की बर्फाचा कारखाना उभा राहिला. तुमच्या तत्त्वानं तोही झाला नसता."

असेलही. पण त्या बर्फात मासे ठेकेदाराचे होते. त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोललो. माझ्या गोपनीय अहवालात त्यांनी "स्वभाव भांडखोर" असं लिहिलं आणि माझी बढती दोन वेळा हुकली.

आता त्यांच्या खोलीत नवे साहेब बसतात, तरुण आहेत, सभ्य आहेत. परवा त्यांनी एका बैठकीचं इतिवृत्त सांगायला सुरुवात केली. मी वही मिटलेलीच ठेवली आणि विचारलं, "सर, ठरलं तेच सांगताय ना?" त्यांना राग आला, तो दिसलाही. मी उत्तर येईपर्यंत वही उघडली नाही. ही खोड मला तांडेल साहेबांमुळे लागली आहे. त्यासाठी त्यांचे आभार मानावेत, असं मात्र मला वाटत नाही.