नववा दिवा

निपाणीतल्या एका तंबाखूच्या गोदामात नेटवर्कची केबल टाकून घ्यायचं काम मला एकटीला दिलं, तेव्हा नोकरीला तिसरा महिना होता. ऑफिसच्या भिंतीपलीकडे तंबाखू दळायची यंत्रं. त्यांच्या मोटरींचा त्रास कॉम्प्युटरला पोचू नये म्हणून केबल शील्डची होती: पिळलेल्या तारांच्या जोड्यांभोवती चंदेरी पन्नी आणि पन्नीला लागून एक उघडी तार. ही तार कनेक्टरच्या धातूला जोडली नाही, तर पन्नी असून नसल्यासारखीच.

जोडणी करायला तिथलेच एक वायरमन होते, माझ्या बाबांच्या वयाचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पहिल्याच टोकाला त्यांनी ती तार मुळापासून छाटली.

"उघडी तार ठिवायची न्हाय. तीस वर्षं लाईटचं काम केलोय," ते म्हणाले.

मी पाहिलं. मनात वाक्य जुळवलं, नेहमीसारखं आधी इंग्रजीत. मराठीत आणल्यावर ते उद्धट वाटलं. गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फॉल्स सीलिंगवाले आले. चारपर्यंत छत बंद होणार, टोकं पुन्हा करायची झाली तर लागेल म्हणून सैल सोडलेली केबल वरच अडकणार, आणि काम बरोबर झाल्याची सही माझी. मी टेस्टर लावला. त्याच्यावर नऊ दिवे: आठ तारांचे आठ, नववा पन्नीचा. आठ लागले. दुसरं टोक, तिसरं, तेच. तंबाखूनं शिंका येत होत्या.

"आठ लागल्यात की गं. नववा काय पूजेला लावतीस?" अण्णा म्हणाले. सीलिंगवाले हसले.

"अण्णा, ती छाटलेली तार लागते." आवाज इतका बारीक, की पुन्हा सांगावं लागलं. "सगळी टोकं परत करावी लागतील. चोवीस."

ते शिडीवरून उतरले.

"त्या तारंत करंट न्हाय?"

"नाही. अर्थिंगची आहे."

"कवा बघितलीस तू?"

"काल. पहिल्यांदा छाटलीत तेव्हाच."

"काल एकच टोक हुतं, पोरी."

त्यांनी वर पाहून हाक दिली, "थांबा रं, छत लावू नका." मग पहिला कनेक्टर कापला, केबल नव्यानं सोलली आणि उघडी तार माझ्यापुढे धरली. मी "बरोबर" म्हणेपर्यंत हात हलवला नाही.

प्रत्येक टोकाला तसंच. चोवीस वेळा मला मोठ्यानं बोलावं लागलं.