आधीचीला दाखवली का साडी

माई टीव्हीसमोर बसायची ती तपासाला आलेल्या हवालदारासारखी. मालिका विनोदी; घनसावंगीतली आमची अख्खी गल्ली तिच्यावर हसायची, पण माईचे डोळे बारीक. त्यातला शिपाई इतका गाजला की त्याला घेऊन वेगळी मालिका निघाली. सगळे खूश झाले. माई म्हणाली, "याची बायको कुठं गेली? तिकडं तर लगीन झाल्तं. इकडं येकटाच फिरून राह्यला." दोन मालिकांचा महासंगम जाहीर झाला की ती हमखास सांगायची, "दोन घरं एकत्र करून राह्यले म्हणजे एकाला टाळं लागणार. बघशील तू." आणि महिन्याभरात त्यातली एक खरंच बंद व्हायची.

माई म्हणजे माझ्या वडिलांची दुसरी बायको. माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि वर्षभरात ही आली. ती जगावर संशय घ्यायची, मी तिच्यावर. आमच्याकडे मागून आलेली बायको गेलेलीचा टाक, चांदीची एवढीशी प्रतिमा, देवघरात पुजते आणि नवी साडी नेसण्याआधी त्याला दाखवते. माई ते न चुकता करायची. मला वाटायचं, हे सगळं लोकांसाठी चाललंय. शिवाय रोज दुपारी ती देवघराचं दार लोटून काहीतरी पुटपुटायची. माझ्याच चहाड्या चालल्या असणार, याची मला खात्री होती.

मी बारावीला असताना त्या विनोदी मालिकेचं दुसरं पर्व आलं. घर तेच, नवरा तोच, आईच्या कामात मात्र दुसरीच नटी. अंगावर जुनीचीच हिरवी साडी. मालिकेतल्या कुणालाच फरक कळत नव्हता. माईचा घास हातातच राहिला.

"आधीचीला दाखवली का साडी?"

मी हसले. ती हसली नाही.

"येकानं बी इचारलं न्हाई, आधीची कुठं गेली म्हणून. असं कसं घर हाय हे?"

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून लवकर आले, तर देवघराचं दार लोटलेलं. आज चोरी पकडायचीच म्हणून कान लावला. आत माई टाकाला कालची मालिका सांगत होती. कोण काय बोललं, सगळं बराबर. मग आवाज खाली आला.

"तुझी पोरगी आज बी मला माईच म्हणली. बिलकुल बराबर हाय तिचं. आई तूच. फक्त म्या केलेली भाजी खाऊन जाय म्हणावं. उपाशी जाती कॉलेजात."

पावलं न वाजवता मी मागे फिरले. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. रात्रीच्या जेवणाला दोनदा भाजी मागून घेतली, पण 'आई' हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. माईने माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि विचारलं, "आज काय झालं गं तुला?"

मागच्या हिवाळ्यात माई गेली. तो शब्द राहूनच गेला. टाकाशेजारी आता तिचा फोटो आहे.

मालिकेचं सध्या तिसरं पर्व चालू आहे. परवा महासंगम झाला. जुनी नटी दुसऱ्या मालिकेतून पाहुणी म्हणून आली आणि दोघी एकाच चुलीपुढे बसल्या. काल दुपारी मी देवघरात गेले, दार लोटलं आणि फोटोसमोर बसले.

"आई," मी म्हणाले, "दोघी एका घरात आल्यात. अजून तरी कुणाला काढलं न्हाई. मी ध्यान ठेवून हाय."