आबांचा एकच इंग्रजी शब्द

“लास्ट म्हणजे काय? कोण सांगेल?”

इंग्रजीच्या तासाला सरांनी विचारलं, तशी मी पटकन उभी राहिले. या एका शब्दाचा अर्थ मला घरून ठाऊक होता. म्हटलं, “लाकडाचा पाय, सर. त्येच्यावर बूट चढवून शिवत्यात.”

वर्गात हशा फुटला. राजारामपुरीतल्या वकिलांच्या, डॉक्टरांच्या मुली बाक बडवायला लागल्या. सरांनी त्यांना पोटभर हसू दिलं. मग म्हणाले, “चांभाराच्या पोरीला पायाखेरीज दुसरं काय सुचणार? लास्ट म्हणजे शेवटचा. तू बसतेस ना, तो बाक.” आणि बोटाने दाखवला. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

संस्थानच्या काळात माझे वडील, आबा, गोऱ्या साहेबाचे बूट शिवत. बुटाच्या लाकडी साच्याला साहेब म्हणायचा तो शब्द त्यांनी उचलला होता. त्यांना येणारा तेवढाच इंग्रजी शब्द. कुणी पावणं आलं की मुद्दाम मोठ्यांदा म्हणायचे, “पोरी, लास्ट आण गं.”

त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, “काय शिकीवलं आज इंग्रजीत?”

मी म्हटलं, “तुमचा शब्द चुकीचा हाय. लास्ट म्हंजे शेवटचा. लोकांम्होरं म्हणू नगा परत. लाज वाटतीया.”

“बरं,” आबा म्हणाले. “तू शिकलीयास. तुला ठावं.”

त्यानंतर साचा हवा असला की ते नुसतं बोट दाखवायचे.

मॅट्रिकच्या वर्षी शाळेच्या कपाटातला जाड इंग्रजी कोश हाती लागला. पहिल्यांदा तोच शब्द काढला. शेवटचा, होता. टिकणे, होता. आणि खाली, बूट शिवण्याचा साचा. बारीक अक्षरात मूळ दिलं होतं : पाऊलखूण. टिकणे हासुद्धा त्याच मुळातला, पावलांचा माग धरून चालत राहणं. शेवटचा तेवढा वेगळ्याच घरचा.

कोश तसाच उघडा नेऊन सरांच्या टेबलावर ठेवला. “सर, हा अर्थ वाचा.”

त्यांनी पाहिलंही नाही. “ठाऊक आहे मला.”

“तेव्हाबी ठावं हुतं?”

“जागेवर जा.”

मी गेले नाही. पहिल्या बाकावर बसले. सर बघत राहिले, मीही बघत राहिले.

घरी येऊन म्हटलं, “आबा, तुमचा शब्द खरा हाय. पुस्तकात हाय.”

“आसंल,” म्हणाले आणि साच्याकडे बोट दाखवलं.

सरांनी वर्गाला माझ्यावर एक तास हसू दिलं. आबांच्या तोंडातला शब्द मात्र मी काढून घेतला. याची लाज मी सरांच्या माथी मारणार नाही. ती माझी आहे.

कुणाची गं तू, असं कुणी विचारलं की मी आधी तोच शब्द सांगते. त्याचा अर्थ सांगते, आबांचा धंदा सांगते. कुणी हसलं, तर त्याचं हसणं संपेपर्यंत समोर उभी राहते. मागच्या बाकावर मी परत जाणार नाही.